कोऱ्या कॅलेंडरची माणसं

(यातल्या ताई जळगावात राहतात आणि रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांच्या एका कंपनीचं कामकाज पाहतात. आप्पा धुळ्याचे, सहकारी संस्थेच्या सचिवपदावरून निवृत्त. दोघंही मी रचलेले आहेत.)

ताई : आप्पा, संचालक मंडळाची बैठक लावणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. उत्पादक कंपनीला कायद्याने दर तीन महिन्यांत एक, वर्षाला किमान चार बैठका घ्याव्याच लागतात, आणि प्रत्येकीची लेखी सूचना सात दिवस आधी. एका संचालकाला फोन लावला की तो म्हणतो, मंगळवार चालेल, पण नानांना विचारा. नाना म्हणतात बुधवार. बुधवारी बँकेचे साहेब नाहीत. की परत पहिल्याला फोन. असे दोन दिवस जातात, आणि ते माझेच जातात. कुठल्याही ऑफिसात हे काम एकतर बाईच्या गळ्यात पडतं नाहीतर सगळ्यात नव्या पोराच्या. ‘ताई, जरा सगळ्यांना फोन लावून घ्या ना.’ आता मी एआय सहायकाला मराठीत सांगते : येत्या पंधरवड्यात दीड तासाची बैठक, विषय हे हे, बँकेचा माणूस हवाच, सूचनेचे सात दिवस सुटायला हवेत. तो सगळ्यांच्या कॅलेंडरमधल्या मोकळ्या वेळा जुळवून तीन पर्याय काढतो, मागच्या इतिवृत्तावरून विषयपत्रिकेचा मसुदा करतो, ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना आठवण पाठवतो. यात तुम्हाला खटकतं काय?

आप्पा : तुम्ही म्हणालात ना, दोन दिवस जातात, ते खटकलं. ते जातात कुठे ते बघा. नाना बुधवार मागतात तेव्हा कारण सांगत नाहीत. पण आवाजावरून कळतं की मंगळवारी गावात येणाऱ्या कुणाला तरी त्यांना तोंड दाखवायचं नाही. दुसरा विचारतो, ‘वसुलीचा विषय कितवा ठेवलाय?’ म्हणजे त्याचं कर्ज थकलंय आणि सगळ्यांसमोर नाव वाचलं जाईल याची त्याला धास्ती आहे. तिसरा काहीच विचारत नाही, ‘लावा कधीही’ एवढंच म्हणतो, आणि जुन्या सचिवाला तिथेच समजतं की हा येणार नाही. निम्मी बैठक या फोनांतच उरकते. मी वसुलीचा विषय शेवटी ठेवायचो आणि त्या माणसाला आदल्या संध्याकाळी घरी गाठून थोडी रक्कम भरायला लावायचो. दुसऱ्या दिवशी भांडण होत नसे. तुमचा सहायक तारीख बिनचूक काढेल. पण नानांनी बुधवार का मागितला हे त्याला ठाऊक नाही, आणि तुम्ही फोनच केला नाही म्हणून ते आता तुम्हालाही ठाऊक नाही.

ताई : आणि हे सगळं ज्याला ठाऊक असायचं त्याच्या हातात किती सत्ता असायची, तेही बोलू या की. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, १४ दिवस आधी सूचना द्यावी लागते. नियमात काही खोट नाही. तरी ती सभा कशी लावतात ते खानदेशात कोणाला माहीत नाही? सूचना फलकाच्या खालच्या कोपऱ्यात, तारीख ऐन पोळ्याच्या आदल्या दिवशी. बैलाची शिंगं रंगवायची सोडून कोण येणार? गणपूर्ती होत नाही, सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू. आता गणपूर्तीची अट नाही. ठराव एकमताने मंजूर, चहा-फरसाण, घरी. तुम्ही एकाचा वसुलीचा विषय शेवटी ठेवलात आप्पा. दुसऱ्या कुणाचा पहिला ठेवला असेल. कुणाला वाचवायचं आणि कुणाला उघडं पाडायचं हे एका टेबलावर ठरायचं, आणि त्याची कुठे नोंद नसायची. सहायकाला भाऊबंदकी नाही, त्याचं पॅनल नाही, त्याचा साडू निवडणुकीला उभा नाही.

आप्पा : ठेवायचो, पहिलाही ठेवायचो. नाही म्हणणार नाही. पण तेव्हा शिवी द्यायला माणूस समोर होता. ‘सचिवाने मुद्दाम पोळ्याच्या तोंडावर सभा लावली’ असं भर सभेत ओरडता यायचं, उपनिबंधकाकडे अर्ज करता यायचा. कायद्यालाही हे कळत होतं. तुमच्याच उत्पादक कंपनीचं कलम काढा : बैठकीची सूचना मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने द्यायची, न दिल्यास त्याला दंड. रक्कम हसण्यासारखी आहे, पण दंड माणसाला आहे. ग्रामसभेचं तर याहून कडक. ठरलेल्या ग्रामसभा घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. तुमच्या पद्धतीत कुणी विचारलं, ‘बुधवारी साडेअकराच का?’ तर उत्तर काय? ‘सिस्टिमने काढलं.’ त्यावर माणूस गप्प बसतो. सचिवावर संशय घ्यायची आमच्या लोकांना सवय होती, ती चांगली सवय होती. यंत्रावर ते संशय घेत नाहीत.

ताई : सूचनेवर सही माझीच असते आप्पा. सहायक सुचवतो, पाठवते मी.

आप्पा : सही तुमची, पण तुमच्यापर्यंत आले तीन पर्याय. जे वीस गळाले ते कुणासाठी गळाले? मी सांगतो कसे गळतात. यंत्र कॅलेंडर वाचतं. बँकेच्या साहेबांचं कॅलेंडर भरलेलं, निर्यातदाराचं भरलेलं, तुमच्या सनदी लेखापालाचं मार्चपासून सप्टेंबरपर्यंत खचाखच. तुमच्या शेतकरी संचालकाचं कॅलेंडर कोरं. कोरं म्हणजे मोकळा, असं यंत्र धरतं. त्यामुळे जिथे ओढाताण होईल तिथे दरवेळी भरलेल्या कॅलेंडरवाल्याची सोय होते आणि कोऱ्यावाल्याने यायचं असतं. आता तो खरंच मोकळा आहे का? या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असेल, तर तो रात्रभर बागेला पाणी भरतोय. सकाळी साडेअकराला तो तुमच्यासमोर पेंगणार आणि सही करून जाणार. पुढच्या आठवड्यात लाइट दिवसाची झाली तर तो येणारच नाही. व्यापाऱ्याचा फोन आला की कापणीला उभं राहायचं, त्याची तारीख त्यालाही आदल्या संध्याकाळपर्यंत माहीत नसते. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथे दुपारी अडीचला सगळे ‘मोकळे’ असतात, कारण त्या वेळी कुणी घराबाहेर पडत नाही. नागपंचमीनंतरचा कानबाईचा रविवार, आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, भावकीतली गंधमुक्ती. यातलं काय कुणी कधी कॅलेंडरमध्ये टाकलंय?

ताई : मी टाकलंय. लाइटचं आठवड्याचं वेळापत्रक मी सहायकाला दिलंय. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर बैठक नको, आखाजीच्या आगेमागे दोन दिवस नको, कानबाईचा रविवार नको, लगीनसराईतल्या दाट तिथी नकोत. जळगाव ते धुळे नकाशा जो वेळ दाखवतो त्याच्या दीडपट धरायला सांगितलंय; तरसोद-फागणे चौपदरीकरण रखडलं त्या वर्षांत ज्यांनी प्रवास केला त्यांना कारण विचारायला नको. ही सगळी साधी मराठी वाक्यं आहेत, त्याला प्रोग्रामिंग लागत नाही. आणि मुद्दा असा की हे आता लिहिलेलं आहे. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी नानांचा बुधवार तुमच्याबरोबर घरी गेला. मी उद्या सोडून गेले तर माझ्या जागी येणाऱ्या मुलीला लाइटच्या पाळ्यांपासून सुरुवात करावी लागणार नाही.

दुसरं, तुमच्या फोनांबद्दल. मंडळावर बाई असली तर सचिव फोन कुणाला करायचा? तिच्या नवऱ्याला. ‘वहिनींना सांगा, सही लागेल.’ बैठकीला नवराच यायचा आणि हजेरीपटावर सही तिची. सहायकाला नवरा नावाची सोय माहीत नाही. तो तिच्याच फोनवर विचारतो, तुम्हाला कधी जमेल? सुरुवातीला एकीने उत्तरच दिलं नाही, तिला वाटलं चुकून आलंय. आता ती सांगते : सकाळी दहाच्या आधी नको, शाळा सुटायच्या वेळेला नको. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची, हे कायद्यात का घालावं लागलं? माणसांनी माणसांना विचारून लावलेल्या सभांना बाया येत नव्हत्या, आल्या तर बोलत नव्हत्या, म्हणूनच ना?

(इथे मी ताईंच्या बाजूचा आहे. जुन्या ओळखीपाळखीच्या पद्धतीचं कौतुक करणाऱ्या बहुतेकांना तो फोन यायचा. ज्यांना तो कधी आलाच नाही त्यांचं मत आपण घेतलेलं नसतं.)

आप्पा : याला माझ्याकडे उत्तर नाही. नवऱ्यालाच फोन करायचो. पण तुमच्या उपायाकडे बघा. कोऱ्या कॅलेंडरवर इलाज म्हणून तुम्ही ते भरायला घेतलंत. शेतकऱ्याचा दिवस, बाईचा दिवस, कधी पाणी, कधी कापणी, कधी शाळा, सगळं लिहून काढलंत. आता ते कुठे आहे आणि कोण वाचू शकतं? केळीचंच घ्या. घड भरला की तो फार थांबत नाही. बाग कधी कापणीला येते ही तारीख म्हणजे भाव ठरवतानाचं हुकमाचं पान. तुमच्या गटाच्या कॅलेंडरमध्ये कापणीचे आठवडे भरलेत, आणि खरेदीदाराचा सहायक तुमच्या सहायकाशी बैठकीची वेळ ठरवतोय. त्याला तपशील दिसत नाही, नुसतं ‘वेळ नाही’ दिसतं. पण सलग सहा दिवस कुणालाच वेळ नाही, यावरून हुशार माणूस काय ते समजतो. तो म्हणेल, आमच्या साहेबांना सातव्या दिवशी जमेल. त्या सात दिवसांत तुमचा माल उतरणीला लागतो आणि भाव पडेल तो घ्यावा लागतो. पूर्वी आम्ही फोनवर सांगायचो, ‘घाई नाही हो, बघू निवांत.’ खोटं असायचं, पण आमच्या माणसाच्या फायद्याचं असायचं. तुमचा सहायक असं खोटं बोलेल का? आणि बोलला तर तुम्हाला चालेल का?

ताई : खरेदीदाराची माणसं रोज बागा हिंडतात आप्पा, त्यांना घड बघून कळतं. त्यासाठी त्यांना माझं कॅलेंडर लागत नाही. तरी बाहेरच्यांना आमच्या मोकळ्या वेळा न दाखवता आम्हीच दोन वेळा कळवायच्या, एवढं करता येतं. करायला हवं, हेही कबूल.

आप्पा : तेवढ्याने भागतं असं धरून चालू नका. २०२५ साली तेल अवीव विद्यापीठाच्या आणि सेफब्रीच कंपनीच्या लोकांनी एक प्रयोग दाखवला. त्यांनी गुगल कॅलेंडरवर एक साधं निमंत्रण पाठवलं आणि त्याच्या मजकुरातच सहायकासाठी हुकूम लपवला. समोरच्याने गुगलच्या जेमिनी सहायकाला विचारलं, ‘या आठवड्यात माझं काय काय आहे?’ सहायकाने निमंत्रण वाचलं आणि आतला हुकूम पाळला. घरातले दिवे बंद केले, बॉयलर चालू केला. गुगलने नंतर ती वाट बुजवली, ते ठीक. पण त्यात दिसलं असं, की या यंत्राला निरोप आणि आज्ञा यांतला फरक पक्का कळत नाही. आमच्या शिपायाला कळायचा. बाहेरून आलेल्या पाकिटात ‘तिजोरी उघडा’ लिहिलं असतं तरी त्याने ती उघडली नसती.

आणि तुमच्या गळ्यातलं काम गेलं म्हणता, ते खरंच जातं की नजरेआड होतं? न्यूयॉर्कच्या एका कंपनीने दहा वर्षांपूर्वी ‘एमी’ नावाची अशीच सहायिका बाजारात आणली होती. ईमेलमध्ये तिला जोडायचं, बैठकीची वेळ ती ठरवणार. २०१६ साली बातमी आली की पडद्यामागे पगारी माणसं बसून ते ईमेल वाचत होती, एमीच्या चुका निस्तरत होती. पुढे २०२१ मध्ये कंपनी विकली गेली आणि एमीही बंद झाली.

ताई : ती जुनी गोष्ट झाली, आजच्या यंत्रामागे तारीख वाचायला माणूस बसवावा लागत नाही. पण तुमच्याच बाजूचा एक मुद्दा मी देते, तुम्हाला तो सापडलेला नाही. आमच्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण सहायकाला दिलं आणि इतिवृत्त मागितलं. बँकेचे साहेब प्रमाण मराठीत बोलले, त्यांचे तीन मुद्दे स्वच्छ उतरले. एक ज्येष्ठ संचालक अहिराणीत बोलले, पाइपलाइनच्या वादावर, चांगली दहा मिनिटं. इतिवृत्तात त्यांची दीड ओळ, तीही चुकीची. लेवा बोलीतल्या एकांचं त्याहून वाईट. मी हाताने दुरुस्त केलं. पण मी दुरुस्त केलं नसतं तर पुढच्या बैठकीची विषयपत्रिका त्याच इतिवृत्तावरून निघाली असती, आणि पाइपलाइन तिच्यात आलीच नसती. एकदा गळलेला विषय कायमचा गळतो, आणि कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं.

आप्पा : तुम्ही त्या बैठकीला बसला होतात म्हणून दुरुस्त करू शकलात. वेळ वाचला म्हणून उद्या एका दिवशी तीन बैठका लागतील आणि तुम्ही त्यांतल्या दोन बैठकांना बसणार नाही, गोषवारा वाचाल. बैठक बोलावणं अवघड होतं तोवर माणूस विचार करायचा, खरंच हवी का. आता बोलावणं फुकट झालंय. मागे जिथे दोन ओळींचं पत्र पुरायचं तिथे आता सगळ्यांना बोलावतात.

ताई : हे नेहमीचं आहे आप्पा. टेलिफोन आला तेव्हाही कुणीतरी हेच म्हणालं असेल. फैजपूरचं अधिवेशन आठवा. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातलंच सामान वापरून टिळकनगर उभारलं. धनाजी नाना चौधरींसारखी माणसं महिनोन्‌महिने राबली, साने गुरुजी गावोगाव हिंडले. पाणी, स्वच्छता, मुक्काम, वाहतूक, स्वयंसेवक. त्या नियोजनात किती हिशेब असेल! त्यातला पत्रव्यवहार आणि वेळापत्रकं यंत्राने केली असती तर गुरुजींना हिंडायला आणखी चार गावं मिळाली नसती का?

आप्पा : चांगलं उदाहरण काढलंत, पण ते माझ्या कामाचं आहे. काँग्रेसची अधिवेशनं पूर्वी नाताळच्या आठवड्यात का भरायची? पुढारी वकील-बॅरिस्टर, आणि कोर्टांना तेव्हा सुट्टी. तुमच्या सहायकाला १८८५ पासून दरवर्षी विचारलं असतं तर त्याने दरवर्षी नाताळचाच आठवडा काढला असता. सगळी भरलेली कॅलेंडरं एकाच वेळी मोकळी. याहून बिनचूक उत्तर नाही. १९२९ साली लाहोरला ठरलं की अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यायचं, कारण डिसेंबरच्या थंडीत गरीब माणसाचे हाल होतात. ज्यांची कॅलेंडरं कोरी त्यांच्यासाठी, ज्यांची भरलेली त्यांनी आपली सोय सोडली. पुढचं कराचीचं अधिवेशन मार्चमध्ये झालं. मोकळ्या वेळा जुळवून कुणी त्या ठरावापर्यंत पोचलं नसतं. आधी कुणाचे हाल मोजायचे ते ठरवावं लागलं.

ताई : आणि फैजपूर पुन्हा डिसेंबरातच भरलं.

आप्पा : भरलं. ठराव म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

ताई : मग बघा, माणसांनी ४४ वर्षं वकिलांच्या सुट्टीत अधिवेशनं घेतली, तेव्हा कुठलंही यंत्र नव्हतं. यंत्राला निदान एक वाक्य सांगून वागणूक बदलता येते. मला तुमच्याकडून हवं आहे ते वाक्य. ‘थंडी मोज’ असं मी त्याला उद्या सांगू शकते. कुणाची थंडी, ते सांगणारा माणूस मला हवा आहे.

आप्पा : वाक्याने भागणार नाही, नोंद हवी. तुमच्या कायद्यात एक छोटी तरतूद आहे : सात दिवसांपेक्षा कमी मुदतीत बैठक बोलावली तर मंडळाने त्याची कारणं लेखी नोंदवायची. हेच थोडं पुढे न्या. प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात पहिली नोंद अशी करा की ही वेळ का निवडली, कोणत्या वेळा सोडल्या आणि कुणाच्या सोयीसाठी सोडल्या. ते यंत्राने लिहिलं तरी चालेल, पण मंडळासमोर वाचायचं आणि कायम करून घ्यायचं. चार बैठकांत दिसून येईल की दरवेळी एकाच माणसाची सोय झाली का.

ताई : करता येईल. सहायक एका मिनिटात लिहून देईल. पण वाचायचं काय ते बघा. ‘मंगळवार सोडला, कारण अमुक संचालकांना त्या दिवशी एका सावकाराला टाळायचं होतं.’ ‘सकाळची वेळ सोडली, कारण अमुक ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत.’ तुमच्या नानांनी बुधवारचं कारण तुम्हालाही सांगितलं नव्हतं आप्पा, तुम्ही आवाजावरून ओळखलंत आणि पोटात ठेवलंत. मी ते इतिवृत्तात लिहू?

आप्पा : नको. ‘वैयक्तिक कारण’ एवढंच लिहा.

ताई : मग दर बैठकीला सगळ्यांसमोर ‘वैयक्तिक कारण’च येईल, बँकेच्या साहेबांचंसुद्धा. त्यावरून कुणाची सोय झाली ते कसं तपासणार?

आप्पा : कारण कुणा एकालाच खरं माहीत असावं लागेल.

ताई : म्हणजे पुन्हा सचिव.

आप्पा : किंवा तुमचा सहायक. त्या दोघांपैकी नाना कुणाला सांगतील, ते आधी नानांना विचारा. फोन करून विचारा.